दाद मागण्याची जोखीम

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते तालुक्याच्या कोर्टात वकिली करत. पक्षकाराला दावा लावायला सांगण्याआधी ते एक प्रश्न विचारत, ‘हरलात तर काय जाईल?’ असं इथल्या जुन्या मंडळींकडून मी ऐकलं. आजच्या माझ्या विषयात नेमका हाच प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, म्हणून मी तो निवडला. विषय ब्रिटनमधला आहे. तिथल्या अपंग व्यक्तीला सरकारने भत्ता कमी दिला आणि तिने न्यायाधिकरणाकडे अपील केलं, तर तिच्या हातात असलेलंही जाऊ शकतं का?

उत्तर सरळ आहे. हो, जाऊ शकतं. पण हे उत्तर अर्धवट ऐकून घाबरणारे आणि ते न ऐकताच अपील ठोकणारे, असे दोघेही गोत्यात येतात. इंग्लंडमधल्या एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसताना दोन्ही प्रकारची माणसं मी पाहिली आहेत.

आठ आणि बारा

आधी पद्धत थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये काम करण्याच्या वयातल्या अपंग व्यक्तींसाठी ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ नावाचा भत्ता आहे. बोलताना सगळे त्याला ‘पिप’ म्हणतात. 2012 च्या कायद्याने तो आला आणि एप्रिल 2013 पासून जुन्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सची जागा घेऊ लागला. या भत्त्यासाठी उत्पन्न पाहत नाहीत. नोकरी करणाऱ्यालाही तो मिळतो. आजाराचं नाव काय, यालाही त्यात फारसं महत्त्व नाही. त्या आजारामुळे रोजच्या आयुष्यात काय अडतं, ते पाहतात.

भत्त्याचे दोन भाग आहेत. पहिला रोजच्या जगण्याचा. त्यात 10 कृती येतात: स्वयंपाक, जेवण, औषधोपचार, आंघोळ, शौच, कपडे घालणं, बोलणं, वाचणं, माणसांत मिसळणं आणि पैशांचे व्यवहार ठरवणं. दुसरा भाग हालचालीचा, त्यात दोन कृती: प्रवासाची आखणी करून तो पार पाडणं आणि प्रत्यक्ष चालणं. प्रत्येक कृतीला गुण असतात. एका भागात 8 गुण झाले की साधा दर, 12 झाले की वाढीव दर. 2025-26 साठी रोजच्या जगण्याचा साधा दर आठवड्याला 73.90 पौंड आणि वाढीव 110.40 पौंड होता. हालचालीचा साधा दर 29.20 आणि वाढीव 77.05 पौंड. 7 गुणांना काहीच मिळत नाही. म्हणजे आठाच्या आणि बाराच्या उंबरठ्यावर एका गुणाने माणसाचं महिन्याचं गणित बदलतं.

गुण ठरवणारी तपासणी भत्ता देणारं सरकारी खातं स्वतः करत नाही, ती कंत्राटी कंपन्यांकडे असते. त्यांचा अहवाल पाहून खात्यातला अधिकारी निर्णय लिहितो. तो मान्य नसेल तर आधी खात्याकडेच फेरविचार मागावा लागतो. 2013 पासून ही पायरी सक्तीची आहे आणि तिच्यासाठी साधारण एक महिन्याची मुदत असते. तिथेही समाधान झालं नाही, तर पुढच्या एका महिन्यात न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. पिपच्या अपिलात तिघे बसतात: एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव किंवा जाण असलेला एक सदस्य. फी नाही. हरलात तर समोरच्याचा खर्चही तुमच्या डोक्यावर येत नाही. नियमच तसा आहे.

इथवर ऐकल्यावर वाटतं, मग जोखीम कसली? दावा फुकट, वकील लागत नाही, समोर तीन निष्पक्ष माणसं. शिवाय आकडेही उत्साह वाढवणारे. 2016 नंतर सुनावणीपर्यंत पोचलेल्या पिपच्या अपिलांपैकी साठ टक्क्यांहून अधिक निकाल अपिलकर्त्यांच्या बाजूने लागत आले आहेत. सरकारी खात्याविरुद्ध इतकं यश क्वचितच कुठे पाहायला मिळतं.

पुन्हा मोजणी

मेख इथे आहे. न्यायाधिकरण खात्याची चूक झाली का, एवढंच तपासत नाही. ते अधिकाऱ्याच्या जागी बसून तोच निर्णय पुन्हा पहिल्यापासून घेतं. त्याला तुमचे गुण वाढवता येतात, आणि ज्या अधिकाराने ते वाढवतं त्याच अधिकाराने ते कमीही करू शकतं. आपल्याकडे जमिनीची मोजणी पुन्हा मागवली, की शेजाऱ्याच्या बांधाबरोबर आपलाही बांध मोजला जातो. मोजणीदार अर्जदाराच्या सोयीने थांबत नाही.

यावर दोन मर्यादा आहेत. सोशल सिक्युरिटी ॲक्ट 1998 च्या कलम 12 (8) मध्ये म्हटलं आहे, की अपिलात जो मुद्दा उपस्थित झालेला नाही, तो न्यायाधिकरणाने विचारात घ्यायलाच हवा असं नाही. ‘घ्यायलाच हवा असं नाही’, म्हणजे घेऊ शकतं. तुम्ही फक्त रोजच्या जगण्याच्या गुणांबद्दल अपील केलं, तरी हालचालीचा भाग आपोआप सुरक्षित राहत नाही. 2004 च्या एका निर्णयात, तेव्हा न्यायाधिकरणाविरुद्धची अपिलं ऐकणाऱ्या तीन कमिशनरांच्या पीठाने ही बाब स्पष्ट केली. दुसरी मर्यादाही त्यातच आहे: न उपस्थित केलेला मुद्दा हाती घ्यायचा असेल, तर न्यायाधिकरणाने तो विचारपूर्वक घ्यावा आणि अपिलकर्त्याला पुरेशी आगाऊ कल्पना देऊन उत्तराची संधी द्यावी. दबा धरून बसावं आणि निकालात अचानक भत्ता काढून घ्यावा, हे चालत नाही.

म्हणून सुनावणीआधी एखादं पत्र येतं, किंवा सुनावणीच्या सुरुवातीला न्यायाधीश शांतपणे सांगतात, ‘तुम्हाला सध्या मिळालेल्या गुणांबद्दलही आम्हाला शंका आहे. पुढे जायचं का, याचा विचार करा.’ पुष्कळांना ही धमकी वाटते. खरं तर कायद्याने दिलेलं ते संरक्षण आहे. अशा वेळी सल्ला घेण्यासाठी सुनावणी पुढे ढकलायची विनंती करता येते, किंवा अपील मागे घेता येतं. सुनावणी सुरू होण्याआधी लेखी कळवून अपील मागे घेतलं, तर सहसा कोणाची परवानगी लागत नाही. सुनावणीत मागे घ्यायचं तर न्यायाधिकरणाची संमती लागते. मागे घेतलं की जुना निर्णय जसा होता तसा राहतो. ही इशाऱ्याची ओळ ऐकूनही रागाच्या भरात ‘होऊन जाऊ दे’ म्हणणारा माणूस मग स्वतःच्या जबाबदारीवर खेळतो.

कोणाचं किती जाईल

आता हिशोब, 2025-26 च्या दरांनी. समजा, एका बाईंना रोजच्या जगण्याचे 9 गुण मिळाले आहेत. आठवड्याला 73.90 पौंड येतात. त्यांना 12 गुणांचा वाढीव दर हवा आहे. जिंकल्या तर आठवड्याला 36.50 पौंड वाढतील. पण न्यायाधिकरणाला 9 ऐवजी 7 गुणच पटले, तर 73.90 पौंड पूर्ण जातील. एवढ्यावर थांबत नाही. त्यांचा नवरा आठवड्याला 35 तास किंवा अधिक त्यांची देखभाल करत असेल आणि त्याला काळजीवाहकाचा भत्ता मिळत असेल, तर त्याचेही 83.30 पौंड जातात, कारण तो भत्ता या भत्त्याच्या आधारावर उभा आहे. म्हणजे 36.50 पौंडांच्या आशेपुढे 157.20 पौंडांची जोखीम. हालचालीचा वाढीव दर असणाऱ्यांची गाडी मोटॅबिलिटी योजनेतून भाड्याने घेतलेली असू शकते. तो दर गेला की गाडी परत द्यावी लागते.

दुसऱ्या बाजूला ज्याला शून्य गुण मिळाले आहेत, त्याचा हिशोब एका ओळीचा आहे. त्याच्याकडून काढून घेण्यासारखं काहीच नाही. त्याने फेरविचार मागावा, अपील करावं, सुनावणीला जावं. वेळ आणि मनस्ताप सोडता त्याचं काही जाणार नाही, आणि जिंकला तर मागची थकबाकीसुद्धा मिळते.

म्हणून ते साठ टक्के नीट वाचायला हवेत. ती आकडेवारी शून्य गुणवाल्यांना आणि अर्धं मिळालेल्यांना एकाच पोत्यात भरते. शिवाय ती फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांची आहे. वाटेत थकून सोडून देणारे, मागे घेणारे तिच्यात नाहीत. अर्धं मिळालेल्या माणसाला तुझं काय होईल, हे ती आकडेवारी सांगू शकत नाही. ते सांगू शकतो फक्त त्याचा स्वतःचा गुणतक्ता.

समजा गुण कमी झाले, तर मधल्या काळात मिळालेले पैसे परत द्यावे लागतील का, हा प्रश्न हमखास येतो. पिपच्या बाबतीत जादा गेलेली रक्कम वसूल करायची, तर माणसाने काही खोटं सांगितलं किंवा सांगायला हवं होतं ते दडवलं, हे सहसा दाखवावं लागतं. केवळ न्यायाधिकरणाचं मत वेगळं पडलं म्हणून नव्हे. युनिव्हर्सल क्रेडिट या वेगळ्या भत्त्याचा नियम मात्र कडक आहे. तिथे चूक खात्याची असली तरी रक्कम वसुलीस पात्र ठरते. दोन्ही भत्ते घेणाऱ्या कुटुंबाने हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

कमी दिसणाऱ्या जोखमी

गुण जाण्याची भीती सगळ्यांना दिसते. बाकीच्या जोखमी हळू येतात.

पहिली तारखेची. न्यायाधिकरण खात्याने निर्णय दिला त्या दिवशीची परिस्थिती पाहतं, त्यानंतरची पाहू शकत नाही. अपील केल्यावर सहा महिन्यांनी प्रकृती खालावली आणि सुनावणीत माणूस आजचं दुखणं सांगत बसला, तर ते खरं असूनही त्या निर्णयात उपयोगी पडत नाही. प्रकृती बिघडली असेल तर ते खात्याला वेगळं कळवावं लागतं, आणि तेही विचार करूनच, कारण तसं कळवल्यानेही पूर्ण गुणतक्ता पुन्हा उघडतो.

दुसरी कागदांची. माणसं दवाखान्याची सगळी फाइल जोडतात, न वाचता. तिच्यात कुठेतरी लिहिलेलं असतं, ‘प्रकृती सुधारते आहे, रोज फिरायला जातात.’ डॉक्टरने ते धीर द्यायला लिहिलेलं असतं; न्यायाधिकरणातला डॉक्टर ते पुरावा म्हणून वाचतो. खात्याकडून येणारा जाडजूड गठ्ठाही बहुतेक जण उघडत नाहीत. त्यात खात्याने ‘दिलेला भत्ताच जास्त आहे’ असं म्हटलेलं असू शकतं, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची ओळ वाचायची राहून जाते.

तिसरी सुनावणीतल्या वागण्याची. तिथे शारीरिक तपासणी करायला कायद्याने मनाई आहे. पण इथवर कसे आलात, बस कुठून पकडली, किती चाललात, वाटेत किती वेळा थांबलात, हे विचारतात. इथे मराठी माणसाची एक सवय नडते. परक्यासमोर दुःखाचा पाढा वाचायचा नाही, डॉक्टरने विचारलं तर ‘ठीक आहे’ म्हणायचं, घरच्यांची लाज राखायची. सुनेच्या मदतीने आंघोळ होते, हे तीन अनोळखी माणसांना सांगणं फार जड जातं. नियम सांगतो, की एखादी कृती सुरक्षितपणे, समाधानकारक रीतीने, गरज असेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात करता येत असेल, तरच ती ‘येते’ असं धरायचं. दिवसातून एकदा, दातओठ खाऊन, नंतर दोन तास झोपून केलेला स्वयंपाक त्यात बसत नाही. पण हे अपिलकर्त्याने बोलून दाखवलं तरच तिघांना कळणार. दुभाषा लागत असेल तर तो न्यायालयीन सेवा विनामूल्य देते. मुलाला किंवा पुतण्याला ते काम करू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

चौथी काळाची. अपिलाचा निकाल लागायला अनेक महिने जातात, आणि इंग्लंडमध्ये काढून घेतलेला किंवा कमी केलेला पिप त्या काळात जुन्या दराने मिळत नाही. केन लोच यांच्या 2016 साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालेल्या ‘आय, डॅनियल ब्लेक’ या चित्रपटातला न्यूकॅसलचा सुतार अपिलाच्या दिवशीच मरतो. तो भत्ता वेगळा होता, पण वाट पाहणं तेच.

पाचवी फोनची. सुनावणीआधी खात्यातून फोन येतो, ‘तुम्हाला एवढा दर देतो, अपील सोडता का?’ प्रस्ताव मागितलेल्यापेक्षा कमी असतो, पण आज पैसे मिळत असतात. अशा फोनांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली गेली, आणि 2021 मध्ये खात्याला आपल्या सूचना बदलाव्या लागल्या. प्रस्ताव स्वीकारणं चूक नाही. पण तिथल्या तिथे ‘हो’ म्हणू नये, लेखी मागावं, आणि नव्या निर्णयाविरुद्धही अपिलाचा हक्क राहतो हे माहीत असावं.

सल्ला मिळणं हीच आता मोठी अडचण झाली आहे. एप्रिल 2013 पासून इंग्लंड-वेल्समध्ये भत्त्यांच्या पहिल्या अपिलासाठी सरकारी कायदेशीर मदत जवळजवळ बंद झाली. ज्या महिन्यात पिप सुरू झाला त्याच महिन्यात त्याच्या निर्णयांविरुद्ध लढायला मिळणारा मोफत कायदेशीर सल्ला गेला. उरलेलं काम धर्मादाय संस्था, नगरपालिकांचे कल्याण अधिकारी आणि आमच्यासारखे स्वयंसेवक करतात. अर्धं मिळालेल्या माणसाला ज्या हिशोबाची गरज असते, तो करून देणारं माणूस त्याला वेळेत भेटेलच असं नाही.

तरीही अपील

इतकं सांगितल्यावर मी अपिलाच्या विरोधात आहे असा कोणी अर्थ काढू नये. 2016 मध्ये वरच्या न्यायाधिकरणाने एका निर्णयात म्हटलं, की तीव्र मानसिक त्रासामुळे ज्यांना प्रवास करता येत नाही त्यांनाही हालचालीचे वरचे गुण मिळू शकतात. सरकारला ते महाग वाटलं, म्हणून मार्च 2017 मध्ये नियमच बदलले. डिसेंबर 2017 मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल मानसिक आजाराच्या लोकांशी भेदभाव करणारा म्हणून रद्द केला. जानेवारी 2018 मध्ये सरकारने पुढे न लढण्याचं जाहीर केलं, आणि सुमारे 16 लाख प्रकरणं पुन्हा तपासायची ठरलं. ज्यांनी कधी अपिलाचा कागदही पाहिला नव्हता, त्यांच्या फायली काही थोड्या जणांच्या चिकाटीमुळे उघडल्या गेल्या.

अपिलाची जोखीम समाजात सारखी वाटली जात नाही, हा माझा मुख्य मुद्दा आहे. शून्यवाला बिनधास्त लढू शकतो. चांगला सल्लागार असलेला माणूस मोजून लढतो. अर्धं मिळालेला, इंग्रजी कच्चं असलेला, घरात दुसरी कमाई नसलेला माणूस भीतीने गप्प बसतो, मग त्याचा खरा हक्क 12 गुणांचा का असेना. गुण कमी करण्याचा अधिकार मी चुकीचा म्हणणार नाही. निर्णय पुन्हा खरा घ्यायचा, तर तो दोन्ही दिशांना खरा घ्यावा लागतो. पण त्या अधिकाराची किंमत सगळ्यांत दुबळ्याने एकट्याने मोजावी, हे राज्याने मान्य करू नये. स्कॉटलंडने एक वाट दाखवली आहे. तिथे पिपच्या जागी 2022 पासून ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आलं, आणि चालू भत्ता कमी झाल्याविरुद्ध दाद मागणाऱ्याला निकाल लागेपर्यंत अल्पकालीन साहाय्य म्हणून जुन्या दराइतकी रक्कम मिळू शकते. तिथल्या माणसाला न्याय मागताना घरभाड्याची चिंता थोडी कमी असते. इंग्लंडला हे जमणार नाही, असं मानायला काही कारण नाही.

आपल्यासाठी

समोर बसलेल्यांपैकी अनेकांचे नातेवाईक ब्रिटनमध्ये आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगतो. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांना सहसा सरकारी निधीतल्या भत्त्यांचा हक्क नसतो, आणि पिप त्यातच मोडतो. हक्क नसताना अर्ज केला तर व्हिसाच अडचणीत येऊ शकतो; ही जोखीम अपिलाच्याही आधीची. कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यावरही मागच्या 156 आठवड्यांपैकी 104 आठवडे देशात असण्याची अट सहसा लागू होते. लहान मुलांसाठी आणि पेन्शनच्या वयानंतरच्यांसाठी वेगळे भत्ते आहेत, पण त्यांच्या अपिलातही निर्णय पुन्हा उघडतो हे तत्त्व तेच.

इकडेही हा प्रश्न परका नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 59 प्रमाणे प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं. 38 टक्के लिहिलेल्या माणसाने अपील करावंच. 40 टक्क्यांच्या रेषेने त्याचे अनेक हक्क अडवलेले असतात. पण ज्याच्या प्रमाणपत्रावर 42 टक्के आहेत आणि ज्याला 60 हवे आहेत, त्याने क्षणभर थांबावं. नवी तपासणी झाली तर तिचा आकडा जुन्याच्या वरच असेल, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या घरात, शेजारी, किंवा समुद्रापलीकडच्या नात्यात कोणी असा निर्णय हातात घेऊन संतापलेलं असेल, तर त्याच्या संतापाला दाद द्या, पण अर्जावर सही होण्याआधी गुणांचा तक्ता मागून घ्या. प्रत्येक गुणासमोर एकच प्रश्न लिहा: हा टिकवायला माझ्याकडे पुरावा काय आहे? सगळ्या गुणांपुढे उत्तर लिहिता आलं, तर निर्भयपणे अपील करा. नाही आलं, तर आधी पुरावा गोळा करा आणि माहीतगार माणसाला भेटा, मुदत मात्र चुकवू नका. आणि ज्याच्याकडे शून्य आहे, त्याला कोणीही घाबरवू देऊ नका. त्याने आजच अर्ज लिहावा.